खालच्या मळ्याचा काठ

आबा,

तुम्ही गेल्यानंतर मी समुद्रकिनाऱ्यांचं काम धरलं. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवायची आणि किनाऱ्याची रेघ किती सरकली ते मोजायचं. भडगावची मुलगी आणि समुद्र, तुम्ही हसला असता. सध्या चार दिवस घरी आहे, स्वयंपाकघरात बसून एक अहवाल संपवला. कोकणातल्या एका गावाने लाटांपुढे दगडी भिंत घातली. त्यांची घरं वाचली. शेजारच्या गावाचा किनारा मात्र तेव्हापासून झिजतो आहे. भिंत आणखी वाढवावी का, एवढंच मला विचारलं होतं.

त्या किनाऱ्याचा नकाशा बघताना गिरणेकाठचं आपलं शेत आठवलं. पुरात वळणावरची माती वाहून जायची, म्हणून तुम्ही ट्रॉल्या भरून दगड आणलेत. ते कुठे टाकायचे हे मी वहीत आखून दिलं होतं. नववीत होते, भूगोल पक्का होता. तुम्ही रेघेबरहुकूम दगड टाकलेत. दोन पावसाळ्यांनंतर खालच्या मळ्याचे नाना अंगणात खाटेवर येऊन बसतात. आवाज चढवत नाहीत. "आबा, तुना काठ वाचना, मना गया." तुम्ही म्हणता, "नदीले मी काय सांगू, नाना?" मी चहा घेऊन दारात उभी आहे. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, वहीचं नाव काढत नाही. मला पाठीशी घालत होतात, की तुम्हाला खरंच ती नदीची करणी वाटत होती? मला अजून ठरवता येत नाही.

म्हणून परवा गिरणेची चित्रं उतरवून घेतली. आपला काठ जागच्या जागी आहे. नानांचा काठ दगड पडल्यानंतरच आत सरकू लागतो. पुढे वाळूउपसा आहे, धरणातून सुटणारं पाणी आहे. सगळं दगडांवर ढकलता येणार नाही. पण सुरुवात तिथली आहे.

अहवालात मी लिहिलं, भिंत वाढवू नये, आणि काहीही ठरवण्याआधी हा नकाशा शेजारच्या गावाला दाखवावा. ते लिहून झालं त्याच संध्याकाळी, म्हणजे काल, नाना आले. थट्टेने म्हणाले, "समुद्र मोजस का वं? कितला भरना?" समुद्र नाही, त्याचा काठ मोजते, असं मी सांगितलं. ते जायला उठले.

"मंग मना काठ बी मोज."

गिरणेचं चित्र नीट दिसत नाही, असं मी म्हणाले. चित्र अगदी स्वच्छ आहे, आबा.