बिनकात्रीचे दिवस

दि. १२ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद द्यायला मी तुझ्याहून मोठी ती किती, पण पत्र असंच सुरू करायचं असतं असं आईने शिकवलंय, आणि तिने शिकवलेल्यातलं एवढंच माझ्याकडे टिकलंय. मी इकडे मजेत. तुम्ही सगळे खुशाल असाल. दादासाहेबांचं पोट अजून शर्टाच्या आत मावतंय ना?

तुझं पत्र सकाळी मिळालं. वाचून लगेच फोन केला तर तू म्हणालीस, "काही नाही गं, उगाच लिहिलं, आता बरी आहे," आणि फोन दिलास आईच्या हातात. आईने मला नळाच्या गळतीची साग्रसंगीत हकीकत सांगितली. म्हणून आता लिहायला बसलेय. फोनवर तू सटकतेस. कागदावर सटकता येत नाही.

तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक म्हणजे, कवळ्या बनवायचं शिक्षण सोडून माझ्याकडे येऊ का? आणि दुसरी, पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलेली ती ओळ. दोन्हींवर बोलणार आहे. पण तुझी बहीण सरळ रस्त्याने कुठे गेलीय का कधी? तेव्हा जरा दमाने घे.

आधी मी कुठे बसलेय ते सांगते. आमचं शिवणघर म्हणजे एक लांबोळकी खोली, दोन खिडक्या, मधोमध कापायचं मोठं टेबल आणि भिंतीला चार मशिनं. नाटकांचे पडदे, बँडवाल्यांचे कोट, असलं मोठमोठं काम येतं. कापायचं काम कात्रीबाईंचं. त्यांना खरं नाव आहे, पण मालकसुद्धा त्यांना कात्रीबाईच म्हणतात, आणि हळू आवाजात म्हणतात. दुसऱ्या मशिनवर गुंडीमावशी. त्या दिवसभर गुंड्या लावतात आणि तोंडाने सुनेचे टाके उसवतात. आत्ता दोघी जेवायला गेल्यात. टेबलाच्या एका कोपऱ्यावरच्या चिंध्या बाजूला सारून मी हे लिहितेय, तेव्हा पत्रातून दोरे निघाले तर आश्चर्य नको.

इथे एक पद्धत आहे. मला वाटतं जगात दुसरीकडे कुठे नसेल. कापडाच्या काठाची एक पट्टी आपल्या मशिनच्या चाकाला बांधायची. बांधली की त्या दिवशी त्या बाईला कात्री द्यायची नाही. तिला सरळ शिलाई द्यायची, पडद्यांच्या लांबच लांब दुमडी. तिच्याशी वाद घालायचा नाही आणि का बांधलीस म्हणून विचारायचं नाही. डोकं दुखत असेल, नवऱ्याशी वाजलं असेल, काहीही. पण बहुतेक वेळा ते "काहीही" म्हणजे काय, हे आम्हा तिघींनाही ठाऊक असतं. शिलाई उसवता येते. कापलेलं कापड जोडता येत नाही. एवढंच साधं कारण.

मला ही पद्धत आवडायची नाही. मी कधीच बांधली नाही. मला कशाला लागते पट्टी? आपण तर मुक्त पाखरू!

मग एक दिवस बँडच्या कोटांचं काम आलं. त्या दिवशी सकाळपासून माझं सगळंच बिनसलं होतं. अंगावरचे कपडे टोचत होते, छाती दुखत होती, पोट असं फुगलं होतं की जणू आदल्या रात्री मी उशी खाल्ली. गुंडीमावशींच्या बांगड्यांचा आवाज थेट मेंदूत वाजत होता. मशिनचा दोरा तुटला तर मी टेबलावर मूठ आपटली. कात्रीबाई उठल्या, त्यांनी पट्टी आणली आणि माझ्या चाकाला बांधली.

ठमे, मी उसळलेच! "माझ्या अंगात काय चाललंय ते तुम्ही ठरवणार का?"

"मी काही ठरवत नाही. तू आज दुमड घाल."

"मी काय लहान मूल आहे?"

"लहान मुलालाही आम्ही कात्री देत नाही," गुंडीमावशी म्हणाल्या. त्यांना गप्प बसवत नाही.

झालं! मी ती पट्टी ओढून फेकली, टेबलावरची कात्री उचलली आणि बाह्या कापायला घेतल्या. फटाफट. इतक्या वेगात मी आयुष्यात कधी कापलं नव्हतं. पण बाही कापताना एक उजवी, एक डावी असं कापड उलटवून कापायचं असतं. मी उलटवलंच नाही. गठ्ठा कापून झाला तेव्हा सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या.

कात्रीबाईंनी एक बाही उचलून उलटसुलट बघितली. मग गुंडीमावशी म्हणाल्या, "बरं झालं. डावखुऱ्यांचा बँड आला तर आपली सोय झाली."

त्या हसवायला म्हणाल्या होत्या. मी पिशवी उचलली आणि निघाले. खोलीवर जाऊन सामान भरलं, माझं सामान ते किती, आणि थेट बसस्टँड. कुठली बस? पहिली लागेल ती. हे मला नवीन नव्हतंच. पावाची भट्टी अशीच सोडली, फळं डब्यात भरायचं काम असंच सोडलं. तुम्ही घरी म्हणायचात, हिच्या पायाला भिंगरी आहे. मला ते आवडायचं. भिंगरी म्हटलं की कसं, वारा असल्यासारखं वाटतं.

स्टँडवरच्या बाथरूममध्ये गेले तर पाळी आली होती. पॅड नव्हतं. बाहेर एक बाई पोराचं नाक पुसत होती, तिच्याकडे मागितलं, तिने दिलं. आणि पॅड हातात घेऊन उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठमे, मी आजवर जितक्या गावांत गेले, तिथे पोचल्यावर माझी पहिली खरेदी हीच असायची. खायचं नाही, साबण नाही, हेच. प्रत्येक गावात दुकान शोधत फिरलेलं मला आठवतं. मला वाटायचं, प्रवासात नेमकी येते, काय हे नशीब! प्रवासात ती येत नव्हती. ती येणार असली की मी प्रवासाला निघत होते.

बाकावर बसले. तासाभरात असं वाटलं की शेजारी कोणीतरी मोठ्याने लावलेला रेडिओ बंद केला. बाह्या आठवून हसू आलं, मग रडू आलं. बस आली आणि गेली. मी परत शिवणघरात गेले.

कात्रीबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "पट्टी ज्याची त्याने बांधायची असते. मी बांधली, ती माझी चूक. बाह्या तुझी चूक. ये, कॉलर कापून घेऊ त्यातून."

एवढंच. मिठी नाही, उपदेश नाही. मला वाटतं म्हणूनच मी अजून इथे आहे.

नंतर मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. मनात धाकधूक, की या म्हणतील लग्न कर म्हणजे बरं वाटेल. त्या तसलं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, हे मनाचं खूळ नाही आणि तुझा स्वभावही नाही. पाळीच्या आधी अंगात जे चढउतार होतात ते काहींना जाणवतही नाहीत, काहींना पार आडवं करतात. दोनतीन महिने रोज कसं वाटलं ते कॅलेंडरवर मांड, म्हणजे अंदाज येईल. चालायला जा, झोप मोडू नकोस, त्या दिवसांत मीठ आणि कॉफी जरा आवर. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, त्यात लाज कसली. मी चालते. कॉफी आवरत नाही. मागच्या महिन्यात चहाच्या कपावरून गुंडीमावशींना नको ते बोलले, म्हणजे अगदी सोनं झालंय असं समजू नकोस. पण आता मी पट्टी स्वतः बांधते, आणि त्या दिवसांत सामान भरायचं नाही एवढा नियम केलाय.

आता एक फाटा फुटतोय, पण महत्त्वाचा. एकदा पट्टी बांधलेली असताना मी म्हटलं, माझ्या मशिनवर उजेड कमी पडतो, डोळे दुखतात. कात्रीबाई म्हणाल्या, "पट्टी उतरू दे, मग बोलू." मला इतका राग आला! पट्टी उतरल्यावर मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा खालच्या आवाजात. त्या उठून माझ्या मशिनपाशी बसल्या, एक शिवण घालून बघितली आणि म्हणाल्या, "खरंच की गं." दिवा हलला. त्यानंतर ठरलं की पट्टीवालीचं बोलणंही ऐकायचं, फक्त निर्णय नंतर. म्हणजे त्या दिवसांतला राग खोटा नसतो, ठमे. मी एक हॉटेल सोडलं कारण तिथल्या मालकाचा हात जाता येता पाठीवर पडायचा. ते मी कुठल्याही आठवड्यात सोडलं असतं आणि चांगलं केलं असतं.

तू आता ओळखलंच असशील मी कुठे चाललेय. आणि चिडलीही असशील. दादा तुला म्हणतो ना, "आली का हिची अमावस्या?" मी तसं म्हणत नाहीये. कॉलेजातून आल्यावर भांडी तुझी आणि दादा पाय पसरून बसलेला, हा राग खराच आहे. पाळी आली तरी तो तिथेच असेल. फक्त तेव्हा तू त्या रागावर बसशील, आत्ता तो तुझ्यावर बसलाय. पण मागच्या महिन्यात तूच मला चार पानं लिहिलीस, मेणाचे दात कोरताना कसं भान हरपतं, सर म्हणाले हिच्या हातात जादू आहे. ती मुलगी आणि "मला काहीच येत नाही, सगळं सोडते" म्हणणारी मुलगी, दोघी मला पत्रं लिहितात. मला दोघी हव्यात. पण शिक्षणाची कात्री मी दुसरीच्या हातात देणार नाही.

येऊ का म्हणतेस. ये! मला इतकं वाटतं तू यावंस. इथे माझ्या खोलीत एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर कोणी बसत नाही. पण पळून येऊ नकोस, सुट्टीत ये. आणि चांगल्या दिवसांतही कवळ्या नकोशाच वाटल्या तर तसं म्हण, मग दादाशी मी भांडते.

आता ती ओळ.

मघापासून तिच्याभोवती फिरतेय. उजेड, कॉफी, बाह्या, सगळं लिहून झालं. तू लिहिलंस, "मी नसतेच तर सगळ्यांचं बरं झालं असतं."

त्या दिवशी स्टँडवर, बाथरूममध्ये जायच्या आधी, मीही हाच विचार करत बसले होते. तुला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नाही, फक्त डॉक्टरीणबाईंना, तेही दाराशी पोचल्यावर, जाता जाता. त्यांनी मला परत बोलावून खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, बाकी सगळं थांबून बघ, पण हे आलं की थांबायचं नाही. कुठलाही आठवडा असो. त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि इथे यायचं.

तू मला सांगितलंस, आणि मी काय करतेय? पत्र लिहितेय, जे पोस्टाने पोचायला किती दिवस लागतील देव जाणे.

कात्रीबाई जेवून आल्यात. थांब जरा.

रजा मागितली. त्या म्हणाल्या, "रजा म्हणजे परत यायचं असतं, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "ठाऊक नाही. पहिल्यांदाच घेतेय." त्यांनी विचारलं नाही कशाला. गुंडीमावशींनी विचारलं, पण ऐकायच्या आधीच त्यांनी त्यांचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. जायच्या आधी आईला फोन करून सांगते, की मी येईपर्यंत तुला एकटी सोडू नको. का तेही सांगते. रागावलीस तर रागाव.

बुधवार, सकाळ

आता लिहितेय ती जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून. पाठीमागे तुझं दार आहे. आई म्हणाली, रात्रभर तुझ्याजवळ होती, आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर तू तिला बाहेर काढून दार लावून घेतलंस. तू आत चालतेयस ते मला ऐकू येतंय.

दादाने खालून ते अमावस्येचं म्हटलंच. मी म्हटलं, "तुझी तर बारमाही असते, तुला कोणी विचारलं?" तो उठला आणि, विश्वास ठेव नाहीतर ठेवू नको, भांडी घासायला लागला. फार आवाज करतोय.

मी आईला सगळं सांगितलं, स्टँडवरचंसुद्धा. मला वाटलं ती ओरडेल. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं मी वाईट आई आहे. दर महिन्याला वाटायचं. मग बरं वाटायचं आणि विसरायचे." मी तिचा हात धरला, तो अजून माझ्या हातात आहे, म्हणून अक्षर असं वाकडं येतंय.

इथल्या दवाखान्यात मी विचारून आलेय. आज दुपारी बोलावलंय. आम्ही दोघी तुझ्याबरोबर येणार. आत तुला एकटीलाच बोलायचं असेल तर आम्ही बाहेर बसू. तुझ्या मनातलं एकही वाक्य मी तुझ्या आधी तिथे सांगणार नाही.

तोंडाने बोलायला लागले असते तर मी भलतीकडे भरकटले असते, म्हणून हे कागद दाराखालून आत सरकवतेय. सगळे एकदम जात नाहीयेत, एकेक ओढून घे. वाचून झालं की दार उघड. वाचून झालं नाही तरी उघड. मी कुठेही जाणार नाहीये.

दाराच्या या बाजूला बसलेली,
तुझी ताई