सीटची उंची

१९ ऑक्टोबर

लाल गाडीतलं माझ्या हातचं, एकदा लिहून ठेवतो: चासीचं वेल्डिंग, सगळं. दोन्ही दारं, पत्रा ठोकून — डावं अकराव्यांदा जमलं. स्टिअरिंगवरचं चामडं, दोनशे बारा टाके. सीट दोन, जमिनीपासून उंची एकोणीस सेंटिमीटर. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही! नऊ वर्षं लागली. शिकवायला कुणी नव्हतं.

आज लाल गाडी हिवाळ्यापुरती शेडमध्ये. टाकी काठोकाठ, बॅटरी बाहेर, हँडब्रेक सैल, सायलेन्सरच्या तोंडात बोळा — उंदरांसाठी. नंबरप्लेट काढून डब्याला लावली. गाड्या दोन, प्लेटची जोडी एकच; इथल्या कायद्यात चालतं. जिच्यावर प्लेट ती रस्त्यावर. डबा म्हणजे कुर्दिनच्या गॅरेजमधून पंधराशे फ्रँकला उचललेली चौकोनी गाडी. चारही चाकं ओढतात. आत कुत्र्याचा वास. एप्रिलमध्ये त्यालाच परत विकायची. दर हिवाळ्याला असंच करतो.

२ नोव्हेंबर

बर्फ. सेराइनानं बटाट्याचं पोतं मागे टाकलं आणि ऐटीत शेजारी बसली. "आता कसा संसारी माणूस दिसतोस!" बायकोला लाल गाडीचं कौतुक बेताचंच.

९ नोव्हेंबर

बाबांकडे. मेमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घराबाहेर नाहीत. लाल गाडी खिडकीतूनच बघायचे. "झोपून चालवायची गाडी ती. मला बाहेर काढायला क्रेन आणशील?"

आज डब्याचं दार स्वतः उघडलं आणि बसले. सरळ! कुणाचा हात न धरता. "बघतोस काय? चल."

घरी येऊन सीट मोजली. बावन्न सेंटिमीटर.

३० नोव्हेंबर

"उतारावर ब्रेक कशाला? गिअर काय शोभेला दिलेत?" एकतीस वर्षं पोस्टाची प्रवासी बस चालवलेला माणूस दर रविवारी शेजारी. सहन करतोय.

१८ जानेवारी

ओफन घाट — बाबांचा बसचा मार्ग. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हात लांब करून माझा हॉर्न दाबत होते. एकही वळण चुकलं नाही! पलीकडे म्युस्टायरला कॉफी, अक्रोडाचा केक. हॉटेलातल्या बाईंना म्हणाले, "हा माझा मुलगा. अख्खी गाडी हातानं केलीय यानं. दारंसुद्धा."

मी केक खात राहिलो. मला कधी म्हणाले नाहीत.

११ फेब्रुवारी

लाल गाडीची चाकं पाव फेरा फिरवली, टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत म्हणून. उंदीर नाही.

५ एप्रिल

रस्ते कोरडे. बाबा म्हणाले, "मग, आता विकशील हिला." आणि बाहेर बघत बसले. घाटापर्यंत एकदाही हॉर्न नाही.

१० एप्रिल

प्लेट बदलायला चार स्क्रू, सहा मिनिटं. घड्याळ लावून बघितलं. रविवारी डबा, बाकी दिवस लाल.

कुर्दिन डबा न्यायला आला होता, गिऱ्हाईक घेऊनच. "येड्या, कुत्र्याच्या वासाला एवढे कोण देतं?" बावीसशे फ्रँक. नाही म्हणालो.