आत्याच्या उघाडीवरचा रिले

वरसे, रविवार. परवा अमावस्या.

नाना, तुम्हाला लिहायला फार उशीर केला. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात या वहीत मी सगळ्यांबद्दल लिहिलं, तुम्हाला मात्र एक ओळ नाही. माफ करा. आजही आठवण दाटून आली म्हणून लिहीत नाहीये. एक गोष्ट तुमच्याखेरीज कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

आत्या आता शहात्तरची झाली. तुमच्या या बहिणीचं धरमतरच्या खाडीलगतचं शेत अजून ती स्वतःच राखते. बांधातल्या उघाडीची, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराची, झडप भरतीला आपोआप मिटते खरी, पण तिच्यात एखादा ओंडका अडकला की खारं पाणी आत, आणि मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. म्हणून दर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती काठी टेकत बांधावर जाऊन बसते. गेल्या पावसाळ्यात तिथेच घसरून पडली. मला वाटलं, ही राखण दोन सळ्या आणि एक ट्रान्झिस्टर करू शकतील. सळ्या उघाडीच्या आतल्या अंगाला. पाणी दोन्हींना टेकलं की ट्रान्झिस्टरला जरासा करंट मिळायचा, त्याने रिले, म्हणजे कॉईलने ओढलं जाणारं बटण, ओढायचा, आणि रिलेने आत्याच्या पडवीतला हॉर्न वाजवायचा. घरी मी नळाच्या पाण्यात कितीदा तरी करून पाहिलं. सळ्या बुडवल्या की टक्, काढल्या की टक्. खाडीचं पाणी आणून पाहावं, हे मला सुचलं नाही.

तिथे लावल्यावर पहिल्याच उधाणाला झडपेतून थोडं पाणी आत आलं आणि हॉर्न वाजला. पाणी ओसरलं तरी वाजतच राहिला. भर दुपारी सगळी आळी बांधावर. शेजारचे तात्या आत्याला म्हणाले, "तुझ्या भाचीचा कोंबडा अजून आरवतोय गो! त्याला दाणे टाक, नायतर कापून खा." आत्याने शेवटी बॅटरीची तार उपटून ठेवली.

काल मी गेले. तार जोडली, हॉर्न लगेच सुरू. रिलेच्या कॉईलची एक वायर सोडवली. टक्, हॉर्न बंद. म्हणजे रिले चिकटलेला नव्हता, कॉईलला करंट मिळतच होता. आता दोष ट्रान्झिस्टरचा किंवा सळ्यांचा. इथून पुढे एकेक गोष्ट सोडवून बघायला हवी होती. पण आत्या दोनदा येऊन गेली, "च्या निवला बाय, किती वेळ त्या डबीत डोकं घालतीस?", आणि मला चारची एसटी पकडायची होती. मी ट्रान्झिस्टर बदलला. कॉईल बंद होताना बसणारा झटका गिळणारा डायोड मुळातच लावायचा राहिला होता, तो लावला. सळ्यांवर मिठाचा पांढरा थर बसला होता, तो घासून गोड्या पाण्याने धुतला. सगळं एका दमात. मग बादलीत खाडीचं पाणी आणून सळ्या बुडवल्या. टक्. काढल्या. टक्.

डायोड राहिला होता हे तुम्हाला सांगायला लाज वाटते. रोह्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या पाटावर, तुम्ही कॉईलची दोन टोकं माझ्या बोटांत देऊन बॅटरी काढली होती आणि मी किंचाळले होते. "चालू होताना नाय, बंद होताना मारते ही," तुम्ही म्हणालात, आणि आई म्हणाली, "पोरीला मारून शिकवा आता." त्याच पाटावर दहावीच्या सुट्टीत मी टाकीचा बझर दुरुस्त केला होता. तुम्ही पहिल्या शिफ्टवरून येता, घामेजलेला शर्टही काढत नाही, नुसतं विचारता, "काय बदललंस?" मी फुशारकीने तीन पार्ट सांगते. तुम्ही तिन्ही परत काढून माझ्या हातावर ठेवता. "यातला मेलेला कुठला?" आई म्हणते, "चालतंय ना? मग?" तुम्ही म्हणता, "आज चालतंय. का चालतंय ते हिला ठावं नाय." मी त्या दिवशी जेवले नव्हते.

आज सकाळी काढलेला ट्रान्झिस्टर मल्टीमीटरवर तपासला. ठणठणीत निघाला. मग बहुधा मीठच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यातून करंट झिरपतो, पाणी नसतानाही. तसं असेल तर माझी दुरुस्ती म्हणजे फक्त धुणं, आणि दोन भरत्यांत तो थर पुन्हा बसेल. की तो ट्रान्झिस्टर मीटरवर बरा दिसतो आणि कामाला लावल्यावर बिघडतो? तसंही होतं. मला माहीत नाही. एवढं कळतं की हॉर्न पुन्हा उगाच ओरडत बसला तर आत्या पुन्हा तार उपटेल, आणि परवाच्या उधाणाला बांधावर कुणीच नसेल. कारण काल निघताना ती म्हणाली, "आता मी या अवसेला जायची नाय हां. गुडघं गेलं माझं. झालं ना नीट?" आणि मी म्हणाले, "झालं."

दुपारी फोन केला होता. ती नुसती "व्हय, व्हय, बरी हाय" म्हणाली, शेजारणीला माझं कौतुक ऐकवलं आणि ठेवून दिला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. एसटीची घाई नव्हती, नाना. पाचचीही मिळाली असती. सळ्या उचलल्यावर रिले सुटला तेव्हा आत्या बघायला आलेल्या तात्यांना म्हणाली, "बघा, बापावर गेली हाय," आणि त्यानंतर मला तो डबा पुन्हा उघडवला नाही.

उद्या: अर्धी रजा टाकून पहिल्या एसटीने आत्याकडे जाणे, आणि तिला समोर बसवून सांगणे की ते का चालतंय हे मला ठाऊक नाही.