दाजींची गाडी, पूजाची पाठवणी

१२ नोव्हें.
गाडी आणली. पांढरी, उंच, दारात उभी केली तर अख्खी गल्ली बघायला. कोपरगावच्या दाजींनी वापरलेली. गॅरेजवाल्याला दाखवणार होतो. आई म्हणाली, "जावयाचा माल तपासतोस व्हय रे? लाज वाटू दे." राहिलं. दाजी म्हणले, "घरातली गाडी हाय, डोळं झाकून घे." झाकले.

२९ नोव्हें.
शिर्डीच्या चौकात गाडी बंद. मागं भाविकांच्या गाड्या, हॉर्न, शिव्या. अर्ध्या तासानं आपोआप चालू.

१ डिसें.
गॅरेजवाल्यानं पायाखालचं मॅट उचललं. वाळलेला गाळ, बोटभर! "भाऊ, पुरात बुडालेली गाडी हाय ही. वायरिंग सडलंय. तापली की बंद पडनार. ब्रेक बरे हायेत, जीव जायचा न्हाई. इज्जत जाईल."
दाजींना फोन. म्हणे, "तुझ्याकडं आल्यावर भिजली असंल." माझ्या अंगणात गोदावरी वाहते काय!
आई म्हणते, ताईला तिथं नांदायचंय, गप बस. बसलो. पण सोडणार नाही ह्या माणसाला.

१४ डिसें.
ताईच्या पूजाचं लग्न ठरलं. दाजींचा फोन, आवाज गुळासारखा. "मामाचा मान. पाठवनी तुमच्याच गाडीतून." निर्लज्ज! नव्या व्याह्यांना उंच गाडी दाखवायचीय. इतक्या लगेच हो म्हणालो की बायको बघतच राहिली.
एक वायर बदलणार नाही. भर मांडवापुढं बंद पडू दे. मग खाली उतरून मोठ्यानं सांगणार, ही गाडी मला कुणी विकली ते.

२० जाने.
एसी लावून गाडी दारात नुसती चालू ठेवली. पंचवीस मिनिटांत बंद. बायको : "येड लागलंय तुमाला." लई बरं वाटलं.

२ फेब्रु.
पत्रिका घेऊन ताई एकटीच आली. चहा पिताना म्हणाली, "पाठवनीला दुसरी गाडी बघ ना रे."
का?
मान खाली. "सीटा मीच धुतल्या हुत्या. तुला सांगनार हुते, ह्यांनी पोरीची शपथ घातली."
सख्खी बहीण. ओरडावंसं वाटलं, रडावंसंही. "बघतो" म्हणालो. बघणार नाही.

८ फेब्रु., कोपरगाव
वही घरी राहिली, गाडीत बसून पत्रिकेच्या मागं लिहितोय.
पूजाला बोहल्यावर मीच नेलं. माझा दंड असा धरला होता पोरीनं की वळ उठले. तिकडं दाजी फेटा सावरत व्याह्यांना सांगतायत, "मामाची गाडी. लई दणकट." दात-ओठ खाल्ले.
जेवणं उरकली. बॉनेटला झेंडूच्या माळा. नवरीला गार बसायला, असं सांगून एसी चालू ठेवलाय. वीस मिनिटं झाली. आत्ता बंद केली तर थंड होईल, पोरगी नीट सासरी पोचेल. नाही केली तर अजून पाच मिनिटं.
दाजी मला खुणावतायत, चला म्हणून. पूजा एकेकाच्या गळ्यात पडून रडतेय, सगळा मांडव तिच्याकडं बघतोय. ताई तेवढी माझ्याकडं बघतेय.
इंजिन चालूच आहे.