जिगरीचा रंग

२ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. विषय एकच: सरड्याचं मन. काल कॅमेलिऑन आणला. झाडावर राहतो, रंग बदलतो. नाव ठेवलं जिगरी. पिंजरा हॉलमध्ये, बरोब्बर माझ्या खुर्चीसमोर. दुकानदार कसल्याशा सूचना देत होता. म्हटलं, राहू द्या. प्राणी डोळ्यांत बघून कळतो. बायकोनं विचारलं, निदान खातो काय एवढं तरी विचारलं का. विचारलं होतं. जिवंत नाकतोडे. तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

२ जून, संध्याकाळी
दुकानात हिरवागार होता. मी जाळीला नाक लावलं मात्र, बघता बघता काळपट तपकिरी! दुसऱ्याच दिवशी एवढी ओढ. सासूबाई शेजारी विणत बसल्या की नुसता फिकट हिरवा. म्हणजे ढिम्म. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

५ जून
ठराव: ऑफिसआधी अर्धा तास हातावर घेणे. संध्याकाळी तासभर नजरभेट.
आज हातावर घेतल्यावर तोंड उघडून फिस्स केलं. काहीतरी सांगायचं होतं बिचाऱ्याला. मग चक्क डोळे मिटले. केवढा विश्वास! मी चार गोष्टी समजावून सांगतो तेव्हा आमची मुलगीही असेच डोळे मिटते. एकाग्रता.

९ जून
जिगरी खात नाही. नाकतोडे पिंजऱ्यात पाहुण्यासारखे हिंडतात, एक तर त्याच्या डोक्यावर बसला होता. कारण उघड आहे, मी ऑफिसला जातो. नजरभेट दोन तास केली.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, त्याला जरा एकटं सोडा की. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, यापलीकडे त्यांचा अभ्यास नाही.

१२ जून
बरगड्या दिसायला लागल्या. बायको म्हणते, डॉक्टरांकडे न्या. माझ्याइतकं त्याला कोण ओळखतं? पण भीती वाटते. मेला तर? कामात लक्ष लागत नाही. साहेबांनी दोनदा झापलं.

१५ जून
नेमकी आत्ताच आठवडाभराची टूर. जिगरीला नीट समजावलं. काळाठिक्कर पडला. माझेही डोळे भरून आले. बायकोनं माझी बॅग न सांगता भरली होती, तीही कालच. माणसाची किंमत जाताना कळते.

१९ जून, हॉटेलवर
घरी फोन केला. विचारलं, झुरतोय का. बायको म्हणाली, खातोय. किती? तर म्हणे, सगळे. मला काळजी वाटू नये म्हणून थाप. मागे सासूबाई आणि मुलगी खदखदून हसत होत्या. कसं उसनं अवसान आणतात!

२२ जून
घरी आलो. जिगरी हिरवाकंच, पोट टम्म. मला बघताच काळा झाला आणि फांदीमागे गेला. लाजला. सासूबाईंना विचारलं, काय केलंत? म्हणाल्या, काही नाही हो, पानांवर पाणी शिंपडलं आणि त्याच्याकडे बघितलंच नाही. हे काय उत्तर झालं?

२३ जून
सासूबाईंचा गैरसमज दूर व्हावा म्हणून शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळेच आले. मी गडद रंगाचा माझा सिद्धांत मांडला. बाईंनी पिंजरा माझ्यापासून लांब सरकवला. मग म्हणाल्या, काळा पडतो तो भीतीनं आणि रागानं. तोंड उघडतो ते चावायला. आणि दिवसाढवळ्या डोळे मिटतो, कारण समोरचं कधी एकदा संपतंय असं त्याला झालेलं असतं. जगायला हवा असेल तर पिंजरा अशा खोलीत हलवा, जिथे तुम्ही जात नाही. आहे का तशी खोली?
बायको म्हणाली, एक आहे, पण ती आम्हा तिघींना लागते.
बाई नवख्या दिसतात.

२४ जून
पिंजरा सासूबाईंच्या खोलीत गेला. संध्याकाळी तिघी आत, दार लोटलेलं. हसणं ऐकू येत होतं. म्हटलं, आपणही जावं, दोन शब्द बोलावेत. दार ढकललं. हसणं थांबलं. सासूबाईंनी विणकामात मान घातली. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मी बोलायला सुरुवात केली आणि मुलीनं डोळे मिटले.
जिगरीकडे बघायचं धाडस झालं नाही. दार लोटून घेतलं आणि खुर्चीत येऊन बसलो. समोर पिंजऱ्याचं रिकामं स्टूल आहे. थोड्या वेळानं आत परत हसायला लागल्या.