फलकावरचा मजकूर

दि. १७, शुक्रवार, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक, तुम्ही तिकडे ठीक असालच. गुडघा दुखतो, पण ते रोजचंच.

तुझं पाकीट मिळालं. फलकाचा मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि डोकं फिरलं. ‘कर्तव्यदक्ष स्टेशनमास्तर स्टेशन वाचवण्यासाठी अखेरच्या क्षणापर्यंत झुंजले.’ कोणाशी झुंजले रे आपले बाबा? दुपारच्या झोपेशी? शिवाय खाली ‘संकलन’ म्हणून माझं नाव घालून मोकळा झालास आणि मला सांगतोस, ‘तू त्यात दोन-चार भावनिक ओळी घाल.’ भावना म्हणजे काय मीठ आहे, चव बघून घालायला?

इकडे कमिटीने वेगळाच उच्छाद मांडलाय. बंद स्टेशनचं वाचनालय करायचं ठरल्यापासून गावात ज्याला त्याला इतिहासाची उबळ येतेय. न्हाव्याच्या आजोबांनी म्हणे वेटिंग रूममध्ये कुठल्याशा बड्या साहेबाची दाढी केली होती, ते फलकावर आलंच पाहिजे. अध्यक्षांना स्टेशन आहे त्याहून जुनं हवंय. मी म्हटलं, इमारतीवर साल कोरलंय. तर म्हणतात, "ताई, त्यावर प्लास्टर मारू की!" अशा लोकांबरोबर मी इतिहास लिहितेय. पेंटर रोज येतो, चहा ढोसतो आणि विचारतो, "झाला का मजकूर?"

तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे आईला समजावण्याबद्दल, शेवटी लिहिते.

आधी खरा इतिहास ऐक. गाव गाडीने जायचं, पण तिकीट काढून जायचं नाही, हे तुलाही माहीत आहे. पाण्याच्या टाकीमागे कुंपणाला भगदाड होतं. भाजीवाल्या, गवंडी, शाळेची पोरं, सगळे तिथूनच फलाटावर यायचे आणि बाबा तेवढ्या वेळापुरते सिग्नलकडे बघत उभे राहायचे. कोणाला दुखवणं त्यांना जमायचंच नाही. तपासनीस निघाले की आधीच्या स्टेशनवरून फोन यायचा. मग आई क्वार्टरच्या कठड्यावर तांबडी चादर वाळत घालायची. ती लांब शेतातूनसुद्धा दिसायची. चादर दिसली की गाव घरी बसायचं. आपल्याला त्याची केवढी गंमत वाटायची! तू तर तपासनिसाचा पडलेला चेहरा करून दाखवायचास.

मग एक दिवस मोजणीची माणसं आली. फोन आला नव्हता. आईने खिडकीतून त्यांचे कोट बघितले आणि आपण होऊन चादर घातली. पण ती माणसं तिकिटं तपासायला आलीच नव्हती. गाडीत किती जण चढतात, किती उतरतात एवढंच त्यांना बघायचं होतं, स्टेशन ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. आठवडाभर ती माणसं फलाटावर बसून राहिली आणि आठवडाभर गाव चादरीकडे बघत घरात बसून राहिलं. ‘इथे प्रवासीच नाहीत’ असं त्यांनी वर कळवलं. वर्षाच्या आत स्टेशनला कुलूप लागलं.

इथपर्यंतचं गावाला माहीत आहे आणि गावाने सगळं खापर आईच्या माथ्यावर फोडलं. ‘मास्तरीणबाईंनी गाडी घालवली,’ असं बायका नळावर तिच्या तोंडावर म्हणायच्या. आई खाली मान घालून कळशी भरायची. बाबा घरात पेपर वाचत बसलेले असायचे.

पुढचं मला लिहायचं नव्हतं. तुझा तो ‘झुंजले’वाला मजकूर आला नसता तर लिहिलंही नसतं.

त्या पहिल्या संध्याकाळी मी शाळेतून परत आले तेव्हा गाडीतून एकटीच उतरले. माझ्याकडे पास होता, मला चादरीची कसली भीती? मोजणीवाल्यांतला एक जण बडबड्या होता. म्हणाला, "काय गं, तुमच्या गावात माणसं राहतात की नाही? अशानं स्टेशन बंद होईल." मी धावत बाबांच्या खोलीत गेले.

"बाबा, ते तपासनीस नाहीत! चादर काढू का?"

बाबा कंदिलाची काच पुसत होते. "राहू दे," म्हणाले.

"अहो, स्टेशन बंद करतील ते!"

"माहीत आहे मला. मागेच पत्र आलंय." मग काच उजेडाकडे धरत म्हणाले, "बंद झालं की जंक्शनला बदली मिळेल. दादाचं कॉलेज होईल. आईला बोलू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही."

"आणि माझी शाळा?"

"बघू."

त्या ‘बघू’वर माझं शिक्षण संपलं. तुम्ही जंक्शनला गेलात. तिथलं क्वार्टर लहान, म्हणून मला इथे आत्याकडे ठेवलंत. गाडी नाही म्हणजे शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणजे मुलगी रिकामी, म्हणून पुढच्याच वर्षी लग्न. गणितात मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे, दादा. मला अजून राग येतो. थोडा तुझाही येतो. तू मागितलं काहीच नव्हतंस, पण माझ्या शाळेचं काय झालं हे कधी विचारलंही नाहीस.

बाबा वाईट नव्हते. माझं जे झालं ते मी गिळलंय. आईचं मात्र गिळवत नाही. तिला बोलणी बसत होती आणि एक शब्द सांगितला असता तर तिची सुटका झाली असती. तो त्यांनी मरेपर्यंत सांगितला नाही.

तू लिहितोस, ‘आई उद्घाटनाला यायला तयार नाही. गावाला काय तोंड दाखवू म्हणते. वयामुळे हट्टी झालीय, तू फोनवर समजाव.’ हट्टी नाही रे ती. आणि फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. ही काय ओरडून सांगायची गोष्ट आहे?

तेव्हा असं कर. फलकावर तुला हवं ते लिही. बाबांना हवं तेवढं झुंजव, न्हाव्याच्या आजोबांनाही घे. मी वाद घालणार नाही, फक्त माझं नाव काढ. त्या बदल्यात माझं एवढं काम कर: आईजवळ बस आणि हे पत्र तिला वाचून दाखव. बाबांचं बोलणं गाळू नकोस. तुझ्याच तोंडून ऐकू दे तिला. मी सांगितलं तर म्हणेल, लेकीला माझी दया आली.

इथून पुढचं तिच्यासाठी.

आई, गाडी तुझ्यामुळे गेली नाही. बाबांना सगळं माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण तुला त्यांच्याबरोबर संसार करायचा होता, म्हणून मी तोंड मिटून बसले. तू दर वेळी माझा हात धरून म्हणतेस, "तुझं शिक्षण मी घालवलं गं," आणि दर वेळी मी विषय बदलते. आता बदलत नाही. उद्घाटनाला ये. कोणी काही बोललंच, तर मान वर करून सांग, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जिचं शिक्षण तू घालवलं नाहीस, ती

तुझी मुलगी