गौरीची गाढ झोप

उमरगा, मंगळवार, दिवेलागणीनंतर

गौरी आज जेवायच्या आधीच झोपली. एरवी तिला झोपवताना मीच रडकुंडीला येते. ऑटिझमच्या पोरांना रोज पळवा, खेळवा, झोप सुधारते, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मीच तिला मैदानावर नेते. आज माझ्या अंगात ताप होता, म्हणून धाकटे दीर घेऊन गेले.

शेजारच्या काकू तिथंच फिरत होत्या, त्यांनी सांगितलं. भावजींनी तिच्या कानाशी शिट्टी वाजवली. ती कान झाकून पळाली. मग मैदानातली पोरंही शिट्ट्या मारत मागं लागली. ती पडली, उठली, परत पळाली, आणि भावजी हसत होते. शिट्टीला ती किती घाबरते, त्यांना ठाऊक नाही? कुकरसुद्धा मी ती घरात नसताना लावते.

मी विचारलं, तर चहा पीत म्हणाले, "वहिनी, पोरगी दमवायचीच व्हती न्हवं? बघा, कशी गाढ झोपलीय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. बाप आहेत, काहीतरी बोलतील. ह्यांनी तिचे सोललेले गुडघे बघितले, त्यावर चादर ओढली आणि म्हणाले, "उद्यापासून त्यालाच नेऊ दे."